जमिनीचा नकाशा आणि जनतेचा शब्द

कोणत्याही गावाचा किंवा शहराचा विकास अखेर जमिनीवरच साकार होत असतो. शाळा, दवाखाना, रस्ता, बाजार, क्रीडांगण, पाण्याची टाकी, स्मशानभूमी या प्रत्येक सोयीला जागा लागते आणि ती जागा कोणाची तरी असते. त्यामुळे कोणती जमीन कोणत्या कामासाठी वापरावी हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी तो माणसांच्या जीवनाशी निगडित असतो. नियोजनकाराने कागदावर ओढलेली एक रेघ एखाद्याच्या विहिरीवरून जाते, एखाद्याच्या घराचा कोपरा कापते, तर एखाद्या वस्तीला वर्षानुवर्षे हवा असलेला रस्ताही मिळवून देते. ही रेघ कायम होण्यापूर्वी त्या जमिनीवर राहणाऱ्यांना तिची माहिती मिळावी आणि आपले म्हणणे मांडता यावे, हे नियोजनाच्या कायद्यातील एक महत्त्वाचे तत्त्व होय.

गेल्या काही वर्षांत या कामी ऑनलाइन साधनांचा वापर वाढला आहे. नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात, हरकती ई-मेलने किंवा पोर्टलवर स्वीकारल्या जातात, सातबारा आणि गावनकाशा घरबसल्या पाहता येतो. या साधनांमुळे लोकसहभाग वाढण्यास मोठा वाव निर्माण झाला आहे. तथापि, नकाशा संकेतस्थळावर ठेवला म्हणजे लोकसहभाग साधला, असे होत नाही. ही साधने कोणत्या टप्प्यावर वापरली जातात आणि नागरिकाने नोंदविलेल्या शब्दाचे पुढे काय होते, यांवर त्यांचे खरे मोल ठरते.

कायद्यातील तरतूद

नगररचनेच्या बाबतीत या प्रदेशाला जुनी परंपरा आहे. मुंबई नगररचना अधिनियम, 1915 हा या विषयावरील देशातील पहिला कायदा. पुढे 1954 चा अधिनियम आला आणि त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हा सर्वंकष कायदा करण्यात आला. आजही राज्यातील प्रादेशिक योजना व विकास योजना याच अधिनियमानुसार तयार होतात.

विकास योजनेचा क्रम सामान्यतः असा असतो. नियोजन प्राधिकरण प्रथम योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नंतर क्षेत्राचे सर्वेक्षण होऊन विद्यमान भू-वापर नकाशा तयार करण्यात येतो. आज कोणती जमीन कशी वापरली जात आहे, हे त्यावर दाखविलेले असते. त्याच्या आधारे प्रारूप विकास योजना आखली जाते. अधिनियमाच्या कलम 26 अन्वये तिची सूचना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून जनतेकडून हरकती व सूचना मागविण्यात येतात. कलम 28 अन्वये नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते. आवश्यक ते फेरबदल झाल्यावर योजना शासनाकडे जाते आणि कलम 31 अन्वये तिला मंजुरी मिळते. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करावयाचा झाल्यास कलम 37 अन्वये पुन्हा सूचना देऊन एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. वीस वर्षांतून किमान एकदा योजनेचा फेरविचार होणे अभिप्रेत आहे. याचा अर्थ असा की, एकदा संधी हुकली तर पुढची व्यापक संधी येईपर्यंत एक पिढी उलटू शकते.

या दिरंगाईची झळ मोठी असते. खाजगी जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडले आणि ती दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालकाला कलम 127 अन्वये सूचना देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. म्हणजे चुकीच्या जागी पडलेले आरक्षण मालकाला दशकभर अडकवून ठेवते आणि अखेरीस व्यपगत झाल्यास गावालाही क्रीडांगण मिळत नाही. प्रारंभी योग्य जागा दाखविणारा एक अर्ज वेळेवर आला असता, तर दोहोंचे हित साधले असते.

आणखी एका बदलाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 2017 मध्ये कलम 42-ब, 42-क व 42-ड अंतर्भूत करण्यात आली. विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत ज्या वापरासाठी जमीन दर्शविली आहे, त्या वापरासाठी पुन्हा स्वतंत्र बिनशेती परवानगी घेण्याचा फेरा कमी करणे, हा त्यामागील हेतू. नागरिकांच्या दृष्टीने ही सोय आहेच. परंतु त्यामुळे निर्णयाची वेळ अलीकडे आली आहे. जमिनीचे भवितव्य पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात योजनेच्या नकाशावरच ठरते. साहजिकच गावाने आपले म्हणणे त्या नकाशाच्या वेळीच मांडले पाहिजे.

मुंबईचा अनुभव

ऑनलाइन प्रसिद्धीमुळे काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, याचा बोध बृहन्मुंबईच्या विकास योजनेवरून होतो. शहराची पहिली विकास योजना 1967 मध्ये, तर दुसरी 1991 ते 1994 या काळात टप्प्याटप्प्याने मंजूर झाली. तिसऱ्या योजनेच्या तयारीत विद्यमान भू-वापर नकाशे संकेतस्थळावर उपलब्ध झाले, तेव्हा नागरिकांनी, वास्तुविशारदांनी व स्वयंसेवी संस्थांनी ते प्रत्यक्ष वस्तीशी ताडून पाहिले आणि अनेक चुका निदर्शनास आणल्या. कोळीवाडे व गावठाणे यांच्या सीमांचा प्रश्न त्यांत प्रामुख्याने पुढे आला. शतकानुशतके वसलेल्या या वस्त्यांचे स्थान नकाशावर यथातथ्य यावे, अशी तेथील रहिवाशांची मागणी होती.

त्यानंतर फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप योजना प्रसिद्ध झाली. तिच्यावर सुमारे 65,000 हरकती व सूचना आल्या. अस्तित्वात असलेल्या वास्तू व सुविधा काही ठिकाणी चुकीच्या दाखविल्या गेल्या आहेत, प्रस्तावित रस्त्यांच्या रेषा उभ्या इमारतींवरून गेल्या आहेत, अशा स्वरूपाच्या तक्रारींचा त्यांत भरणा होता. एप्रिल 2015 मध्ये शासनाने ही योजना नव्याने तपासून तयार करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरही मोठ्या संख्येने हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि मे 2018 मध्ये शासनाची मंजुरी मिळून 1 सप्टेंबर 2018 पासून योजना अमलात आली. 2034 सालापर्यंतचा विचार करणारी ही योजना होय.

65,000 ही संख्या लोकजागृतीची निदर्शक आहे, यात शंका नाही. संकेतस्थळावर नकाशा नसता, तर इतक्या लोकांनी तो पाहिलाही नसता. परंतु प्रशासनाच्या बाजूने या संख्येचा विचार केल्यास वेगळी अडचण दिसून येते. प्रत्येक हरकतीस केवळ पाच मिनिटे दिली आणि रोज सहा तास काम चालविले, तरी 65,000 हरकतींसाठी सुमारे नऊशे दिवस लागतील. एकसारख्या हरकती एकत्र केल्या, तरी हे काम सोपे नाही. शिवाय त्यांतील अनेक हरकती मूळ सर्वेक्षणातील चुकांविषयीच असतील, तर योजनेच्या धोरणावर शांतपणे विचार करण्यास वेळ उरत नाही. आपल्या इमारतीवरून जाणारी रेघ पुसून घेण्यासाठी धडपडणारा नागरिक वीस वर्षांनंतरच्या शहराविषयी काय बोलणार?

पुणे महानगर आणि गोवा

ग्रामीण भागालाही हा अनुभव नवा नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आठशेहून अधिक गावांच्या क्षेत्रासाठी प्रारूप विकास योजना 2021 मध्ये प्रसिद्ध केली. तीत शहरालगतच्या गावांबरोबरच शेतीप्रधान गावांचाही समावेश होता. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2025 मध्ये शासनाने ती प्रारूप योजना रद्द केली. इतक्या गावांतील शेतकऱ्यांनी व रहिवाशांनी केलेला खटाटोप आणि प्रशासनाने खर्ची घातलेली वर्षे लक्षात घेता, लोकांचे म्हणणे नेमके केव्हा ऐकावे हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो.

शेजारच्या गोवा राज्यात याच प्रश्नाला थोड्या वेगळ्या रीतीने हात घालण्यात आला होता. तेथील प्रादेशिक योजना 2011 ही 2006 मध्ये अधिसूचित झाली. परंतु मोठ्या प्रमाणावर जनआंदोलन झाल्याने 2007 च्या आरंभी ती मागे घेण्यात आली. त्यानंतर नेमलेल्या कृती दलाचे उपाध्यक्ष विख्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया हे होते. या दलाने तयार केलेला प्रादेशिक योजना 2021 चा मसुदा 2008 मध्ये गावोगावच्या पंचायतींपुढे ठेवण्यात आला. गावकऱ्यांनी आपल्या गावाच्या नकाशावर टेकड्या, खाजण शेती, झरे, पायवाटा, देवराया इत्यादींची माहिती पडताळून पाहावी, ही त्यामागील कल्पना होती. पुढील काळात या योजनेच्या अंमलबजावणीवरून वाद झाले, हे खरे. तरीही राज्याच्या नकाशाचे गावनिहाय तुकडे करून ते त्या त्या गावापुढे ठेवण्याची पद्धत अनुकरणीय होती. सबंध जिल्ह्याचा नकाशा सामान्य माणसाला परका वाटतो. आपल्या शिवाराचा नकाशा मात्र तो बोट ठेवून वाचतो.

या तिन्ही उदाहरणांतून एकच निष्कर्ष निघतो. लोकांचे ज्ञान सर्वांत उपयुक्त ठरते ते विद्यमान स्थितीचा नकाशा तयार होताना. पावसाळ्यात कोणता ओढा कोठपर्यंत फुगतो, कोणती पाणंद गुराढोरांच्या व बैलगाड्यांच्या वाटेची आहे, गायरानाचा वापर प्रत्यक्षात कसा होतो, हे उपग्रहाच्या छायाचित्रावरून पूर्णपणे उमगत नाही. गावातील वृद्ध शेतकरी ते क्षणात सांगतो. म्हणून ऑनलाइन साधनांचा पहिला उपयोग सर्वेक्षणाच्या टप्प्यावर व्हावा आणि हरकतींचा टप्पा हा त्यानंतरचा असावा.

ड्रोन आणि चुन्याची रेघ

यंत्र आणि माणूस यांची सांगड कशी घालावी, याचे एक चांगले उदाहरण राज्यातील गावठाणांच्या मोजणीत आढळते. पिढ्यान्‌पिढ्या गावठाणातील घरांना सातबाऱ्यासारखा हक्काचा कागद नव्हता. ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाचे भूमापन करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग व भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी हाती घेतला. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी त्याची चाचणी झाली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली.

या योजनेची कार्यपद्धती बोधप्रद आहे. ड्रोन उडविण्यापूर्वी ग्रामसभेत योजनेची माहिती दिली जाते. नंतर ग्रामपंचायत व भूमी अभिलेख विभागाचे कर्मचारी यांच्या उपस्थितीत मिळकतधारक आपल्या मिळकतीच्या हद्दी चुन्याने आखून देतात. मग ड्रोन छायाचित्रे घेतो. त्यांवरून तयार झालेला नकाशा प्रत्यक्ष जागेवर पडताळला जातो, हरकती असल्यास त्यांची चौकशी होते आणि त्यानंतर मिळकत पत्रिका तयार होते. ड्रोनला छप्पर दिसते. परंतु दोन घरांमधील बोळ कोणाचा, अंगण सामाईक की स्वतंत्र, हे त्याला कळत नाही. ते चुन्याची रेघ सांगते, आणि ती रेघ शेजाऱ्यांच्या संमतीने पडते. विकास योजनेच्या विद्यमान भू-वापर नकाशालाही हीच पद्धत लागू करणे उपयुक्त ठरेल.

महसुली कामकाजात रूढ झालेल्या ‘आपली चावडी’ या सुविधेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. जमिनीचा खरेदी-विक्री, वारस इत्यादी कारणांनी फेरफार नोंदविण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत देण्यात येते. पूर्वी ही नोटीस केवळ चावडीवर लागत असे. नोकरीनिमित्त मुंबईस किंवा सुरतेस गेलेल्या भावाला तिचा पत्ताही लागत नसे. आता ती संकेतस्थळावरही पाहता येते. चावडीवरील फलक हटविण्यात आलेला नाही. त्याला केवळ दुसरी जोड मिळाली आहे. जुन्या व्यवस्थेला नव्या साधनाने पूरक होण्याचा हा प्रकार अन्य क्षेत्रांतही अनुसरण्याजोगा आहे.

साधनांच्या मर्यादा

ऑनलाइन पद्धतीवरच सर्व भार टाकल्यास मात्र नवी विषमता निर्माण होण्याचा धोका असतो. 2019-21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात इंटरनेटचा कधी ना कधी वापर केलेल्या पुरुषांचे प्रमाण 57.1 टक्के, तर महिलांचे 33.3 टक्के होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले असेल. तथापि पाणवठा, शाळेची वाट, अंगणवाडीची जागा यांविषयी ज्यांना सर्वांत अधिक सांगावयाचे असते, त्या महिलांचा शब्द केवळ पोर्टलवर विसंबून मिळणार नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरी अडचण नकाशाच्या स्वरूपाची आहे. पुष्कळदा संकेतस्थळावरील नकाशा म्हणजे एक अवजड फाईल असते. मोबाइलवर ती उघडण्यास वेळ लागतो. उघडली तरी तीत गट क्रमांक सापडत नाही आणि रंगांचा खुलासा इंग्रजीत असतो. असा नकाशा कायद्याच्या भाषेत प्रसिद्ध झालेला असतो, परंतु लोकांपर्यंत पोहोचलेला नसतो. तिसरी अडचण छापील हरकतींची. एकच मजकूर शेकडो नावांनी पाठविला, तर संख्या वाढते. माहितीत भर पडत नाही. संघटित हितसंबंधांना अशी संख्या उभी करणे सोपे जाते, आणि ओढ्याकाठच्या एकट्या शेतकऱ्याची सविस्तर हरकत त्या ढिगाऱ्यात दबून राहते.

तंत्रज्ञानात पुढारलेल्या शहरांनीही ही मर्यादा ओळखली आहे. स्पेनच्या राजधानीत, माद्रिद येथे, महानगरपालिकेने 2015 मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी एक पोर्टल सुरू केले. शहराच्या मध्यवर्ती भागातील ‘प्लाझा दे एस्पान्या’ या चौकाची पुनर्रचना त्यावर हाती घेण्यात आली. प्रथम नागरिकांना प्रश्नावली देण्यात आली. तिच्या उत्तरांच्या आधारे आराखड्यांची स्पर्धा झाली आणि अंतिम निवड फेब्रुवारी 2017 मध्ये मतदानाने करण्यात आली. दोन लाखांहून अधिक लोकांनी शहरविषयक प्रश्नांवरील त्या मतदानात भाग घेतला. मतदान पोर्टलवर होतेच. त्याशिवाय टपालाने आणि प्रत्यक्ष पेट्यांतूनही मते स्वीकारण्यात आली. नव्या रूपातील चौक 2021 मध्ये खुला झाला. आराखडा काढण्यापूर्वी प्रश्न विचारणे आणि संगणकासोबत कागदालाही समान मान देणे, या दोन गोष्टी तेथून घेण्याजोग्या आहेत.

आपल्याकडेही एक उत्तम दंडक उपलब्ध आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांबाबत जनसुनावणी घेताना किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. सुनावणीच्या शेवटी उपस्थितांनी मांडलेल्या मुद्द्यांची नोंद स्थानिक भाषेत वाचून दाखवावी लागते. आपण बोललो ते तसेच लिहिले गेले की नाही, हे गावकऱ्याला तेथल्या तेथे कळते. पोर्टलवर नोंदविलेल्या हरकतीलाही ही कसोटी लावली पाहिजे. हरकत कोणत्या शब्दांत नोंदविली गेली आणि तिच्यावर काय निर्णय झाला, हे अर्जदाराला दिसावयास हवे.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या कलम 4 मध्येही हे तत्त्व अंतर्भूत आहे. जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे कळवावीत, असे बंधन हे कलम सार्वजनिक प्राधिकरणांवर घालते. माहिती मागण्याची वाट न पाहता ती आपण होऊन देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि संकेतस्थळ हे त्यासाठी स्वस्त व सोयीचे साधन आहे.

कोणी काय करावे

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने काही साध्या गोष्टी पाळल्या, तर ऑनलाइन सहभाग खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. नकाशा गावनिहाय किंवा प्रभागनिहाय प्रसिद्ध करावा. त्यावर गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक ठळक असावेत आणि खुलासा मराठीत असावा. विद्यमान वापराचा नकाशा व प्रस्तावित वापराचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहता यावेत. प्रत्येक हरकतीस क्रमांकासह पोच मिळावी. कागदावर आलेल्या हरकतीची नोंद त्याच नोंदवहीत व्हावी, तिला वेगळा दर्जा नसावा. एकाच जागेविषयीच्या हरकती नकाशावर एकत्र आणाव्यात, म्हणजे कोठे खरी अडचण आहे ते समितीला एका दृष्टिक्षेपात कळेल. अखेरीस प्रत्येक क्रमांकापुढे निर्णय व त्याचे कारण नोंदविले जावे. मागणी अमान्य झाली तरी कारण कळल्यास माणसाचा शासनावरील विश्वास टिकतो. उत्तरच न आल्यास तो पुढच्या वेळी बोलेनासा होतो.

पंचायत सदस्यांची भूमिका याहून कमी महत्त्वाची नाही. राज्यातील सुमारे 28 हजार ग्रामपंचायती हे नकाशा आणि माणूस यांमधील सर्वांत जवळचे दुवे आहेत. योजनेची सूचना प्रसिद्ध होताच गावाचा नकाशा मोठ्या आकारात छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, दवंडी द्यावी, विशेष ग्रामसभा बोलवावी आणि शक्यतो तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी सभेत नकाशा वाचून दाखवावा. ज्यांना स्वतः अर्ज भरता येत नाही, त्यांचे म्हणणे आपले सरकार सेवा केंद्रातून नोंदवून पोच त्यांच्या हाती द्यावी. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचे ‘ग्राम मानचित्र’ हे नकाशाधारित साधनही गावाच्या सुविधा समजून घेण्यास उपयोगी पडते.

हरकत कशी लिहावी, याचेही मार्गदर्शन व्हावयास हवे. ‘या योजनेमुळे आमच्या गावावर अन्याय होत आहे, तरी ती रद्द करावी’ असा अर्ज भावना व्यक्त करतो. पण त्यावर समितीला काही करता येत नाही. याउलट, अमुक गट क्रमांकातून प्रस्तावित केलेला रस्ता सार्वजनिक विहिरीवरून जातो. तो काही मीटर पूर्वेस सरकविल्यास शासकीय पडीक जमिनीतून जाईल आणि वस्तीलाही जवळ पडेल, असा अर्ज छायाचित्र व चतुःसीमेसह आला, तर त्याचा विचार करणे समितीला भागच पडते. हरकतीत जागा, कारण आणि पर्याय या तीन गोष्टी असाव्यात. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्यास तसे अर्जातच नमूद करावे आणि मुदतीचा दिवस सूचनेतून नीट वाचून घ्यावा.

शिक्षकांना या कामी विशेष स्थान आहे. गावात नकाशा वाचू शकणारी आणि सर्वांचा विश्वास असलेली व्यक्ती बहुधा शिक्षकच असते. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांना आपल्याच गावाचा नकाशा दिला, उत्तर दिशा, प्रमाण व खुणा समजावून दिल्या आणि शिवारफेरीत विहिरी, ओढे, मोठी झाडे, पाणंद रस्ते यांच्या नोंदी मोबाइलच्या साहाय्याने करून घेतल्या, तर अभ्यासही होईल आणि गावाच्या हाती एक उपयुक्त दस्तऐवजही येईल. विद्यार्थी घरी जाऊन आजोबांना नकाशा दाखवतात आणि आजोबा नकाशात नसलेला ओढा दाखवून देतात. योजनेच्या सर्वेक्षणाला पूरक ठरेल अशी माहिती या मार्गाने सहज गोळा होऊ शकते.

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 1992 मध्ये ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना घटनात्मक अधिष्ठान दिले. स्थानिक विकासाचे नियोजन स्थानिक पातळीवर व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. त्या भूमिकेला आता नकाशे, ड्रोन व पोर्टल यांची साथ मिळाली आहे. ही साधने दूरच्या कार्यालयातील नकाशा गावाच्या चावडीवर आणू शकतात. चावडीवर बसलेल्यांचा शब्द त्या नकाशापर्यंत परत नेणे, तो वेळेवर नेणे आणि त्याला कारणासह उत्तर देणे, ही जबाबदारी मात्र अधिकारी, पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचीच राहील. पुढील योजनेची सूचना प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता प्रत्येक गावाने आपल्या शिवाराचा आजचा नकाशा एकदा पडताळून ठेवला, तर या कार्याचा योग्य प्रारंभ होईल.